चांदेकरसाहेबांची वर्गणी

आमच्या शेजारच्या चांदेकरसाहेबांच्या जेवणाच्या डब्यातून एकदा भर कचेरीत लंगोट निघाला. ओला लंगोट, आणि खालच्या पुडात तेलाची बाटली. आजूबाजूला त्यांच्या हाताखालचे कारकून डबे उघडून बसलेले होते. दुसरा कोणी असता तर त्याने झाकण आपटून लावलं असतं आणि उरलेली नोकरी मान खाली घालून केली असती. साहेबांनी तो दोन बोटांनी उचलला, एकदा झटकला, खिडकीच्या गजावर पसरून वाळत घातला आणि म्हणाले, "रीतसर वाळला पाहिजे. नाहीतर वास धरतो."

त्याच सुमारास इकडे बोरिवलीला इंदिराबाईंनी, म्हणजे साहेबांच्या बायकोने, रोजच्यासारखा लंगोटाचा डबा न बघता साबणाच्या पाण्यात उपडा केला. त्यातून पोळ्या आणि बटाट्याची भाजी बाहेर आली. भाजीवरचा फेस दाखवायला त्या बादली घेऊन माझ्या दारात आल्या. "ताई, आता मी काय करू सांगा."

मी म्हटलं, "आधी डब्यांना वेगळ्या रंगाचे दोरे बांधा. रडायचं नंतर."

लंगोट डब्यात का ठेवायचा, असं कोणीही विचारील. त्याचं कारण असं की साहेब एका मोठ्या कचेरीत हेडक्लार्क होते आणि हेडक्लार्कने काखेत लंगोट मारून बोरिवलीच्या रस्त्याने जाणं त्यांच्या मते रीतसर नव्हतं. म्हणून ते पहाटे व्यायामशाळेला निघत ते बंद गळ्याचा कोट, काळी टोपी, हातात छत्री आणि दुसऱ्या हातात डबा अशा थाटात. स्टेशनकडे जाणारे दूधवाले त्यांना वेळ विचारीत. एवढ्या पहाटे कचेरीला निघालेल्या माणसाजवळ घड्याळ असणारच, असं त्यांना वाटे.

आमची चाळ बैठी. आमच्या दोन खोल्या, त्यांच्या तीन. आमचे हे शाळेत मास्तर, आणि मी घरी मशीन घेऊन शिवण शिवते. साहेब पन्नाशी ओलांडलेले, उंच, आणि इतके किडकिडीत की वाऱ्याच्या दिवशी छत्री उघडायला मी त्यांना मनाई केली होती. घरात बायको, मुलगा आणि सून. सगळी माणसं गरीब स्वभावाची. मुलगा वडिलांसमोर उभं राहून बोले, "नाना, आपण जेवलात का?" सून तर दाराआडून बांगडी वाजवी आणि मग "मामंजी, पानं घेतलीत" म्हणे. त्या घरात कधी आवाज चढलेला मी ऐकला नाही. आमच्या घरात तो दर पाव तासाला चढतो, त्यामुळे मला ते घर म्हणजे देवळासारखं वाटे. देवळासारखं म्हणजे स्वच्छ, शांत, आणि राहायला जरा अवघड.

तर असा हा माणूस व्यायामशाळेत कसा गेला? तक्रार करायला.

चाळीच्या मागे, चिंचेच्या पलीकडे ही व्यायामशाळा. पाटीवर व्यायामशाळा, बोलण्यात तालीम. पत्र्याची शेड, लाल मातीचा आखाडा, एक विहीर आणि शेंदूर फासलेला मारुती. रोज पहाटे तिथे "बजरंग बली की जय" असा गजर होई आणि मागोमाग माणसं मातीत आपटल्याचे आवाज येत. चाळीत झोप कोणाची होत नसे. शेवटी ठरलं की तक्रार करायची, आणि ती चांदेकरसाहेबांनी करायची, कारण रीतसर बोलणारा तोच एक माणूस. आमचे हे त्यांच्याबरोबर जायचे होते. पण त्या पहाटे ह्यांच्या पोटात दुखू लागलं. साहेब गेले की ते थांबलं.

साहेब परत आले ते कोटाची बटणं एक घर चुकवून आणि खांद्यावर लाल माती घेऊन. सगळी चाळ ओट्यावर जमली.

"काय झालं साहेब?"

"मी वर्गणी भरली," साहेब म्हणाले.

"कसली?"

"व्यायामशाळेची. रीतसर सभासद झालो."

"आणि तक्रार?"

"ती मनात रीतसर मांडली होती. पण आता त्या आरडाओरड्यात माझाही भाग राहील, तेव्हा स्वतःविरुद्ध तक्रार कशी चालू ठेवणार? मागे घेतली."

एवढं बोलून ते आंघोळीला गेले. चाळ ओट्यावर तशीच उभी.

मग माझ्याकडे इंदिराबाईंच्या खेपा सुरू झाल्या. पहिल्यांदा आल्या, साखर मागून गेल्या. दुसऱ्यांदा आल्या, साखर परत देऊन गेल्या. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा मी मशीन थांबवलं आणि म्हटलं, "काय ते एकदा बोला."

"ह्यांना एक शिवून हवंय."

"काय?"

"त्रिकोणी असतं."

"पताका?"

त्यांनी खूप विचार केला. "पताकाच म्हणा. पण नेसायची."

मी लंगोट शिवला. तांबड्या जाड कपड्याचा. बाई असून लंगोट शिवला म्हणून चाळीत दोन दिवस कुजबुज झाली. मला काय, कापड ते कापड. साहेब स्वतः मात्र दारापर्यंत येऊन, पाठ माझ्याकडे करून, समोरच्या भिंतीशी बोलल्यासारखं म्हणाले, "वहिनी, शिलाई दुहेरी ठेवा. प्रसंग काही सांगून येत नाही."

आता व्यायामशाळेबद्दल माझं मत स्पष्ट होतं आणि ते मी साहेबांना तोंडावर सांगितलं. घाम गाळायला वर्गणी भरायची हे मला मुळीच पटत नाही. घाम आमच्या घरात फुकट गळतो. विहिरीचं पाणी शेंदा, दंड आपोआप भरतील. खलबत्त्यात मसाला कुटा, खांदे भरतील. पैसे देऊन माती अंगाला लावून घ्यायची आणि मग साबण विकत आणून ती धुवायची, याला काय अर्थ आहे?

साहेबांचं उत्तर ठरलेलं असे. "अंगी लागलं पाहिजे, वहिनी. नुसतं करून उपयोग नाही, अंगी लागलं पाहिजे."

"मग माझ्या जात्यावर बसा. बघू अंगी लागतं का."

साहेब न्यायाचा माणूस. एका रविवारी कोट काढून, टोपी तशीच ठेवून, खरंच जात्यावर बसले. मी जोंधळे ओतत होते. जोंधळे जसे वरून आत जात तसे खालून अखंड बाहेर येत, जरा घाबरलेले एवढंच. टोपी दोनदा खुंट्यात अडकली. मी ओरडले, "अहो साहेब, जोर लावा, जोर. दळताय की पाळणा हलवताय?"

साहेब थांबले, टोपी नीट केली, आणि उठून उभे राहिले. "तुम्ही ओरडता, वहिनी, पण 'अहो साहेब' म्हणून ओरडता. ते अंगी लागत नाही."

मला वाटलं, पळवाट आहे. मी ते जोंधळे चक्कीवर पाठवले.

तालमीत ते नेमकं काय करतात हे आम्हाला ऐकू मात्र सगळं येई. तिथले वस्ताद म्हणजे रामा वस्ताद. मालवणकडचे, पूर्वी गिरणीत होते. देह पिंपासारखा आणि आवाज गिरणीच्या भोंग्यासारखा. पहाटे आम्ही अंथरुणात पडल्यापडल्या ऐकत असू.

"गज्या, मेल्या, जोर काढतंस की जमीन हुंगतंस?"

साहेबांचं नाव गजानन. चाळीत हे कोणाला ठाऊकसुद्धा नव्हतं. पाटीवर 'ग. वि. चांदेकर' एवढंच होतं.

"कंबर खंय चालली रे तुझी? मालाडाक? मागे घे ती, गाढवा."

अशा वेळी शेजारच्या खोलीत इंदिराबाई कानात बोटं घालून रामरक्षा म्हणत. नवऱ्याचं नाव त्यांनी स्वतः आयुष्यात उच्चारलं नव्हतं आणि इथे तो पिंपासारखा माणूस त्याचे तुकडे करून साऱ्या बोरिवलीला वाटत होता. एकदा त्यांनी धीर करून विचारलंदेखील, "अहो, ते तुम्हाला असं बोलतात, तुम्ही त्यांना काही म्हणत का नाही?"

"म्हणतो की," साहेब म्हणाले.

"काय?"

"होय वस्ताद."

दर महिन्याला छाती मोजण्याचा कार्यक्रम माझ्या ओट्यावर होई. टेप माझी, मोजणार आमचे हे, वाचणार मी. पहिल्या महिन्यात जेवढी भरली तेवढीच दुसऱ्या महिन्यात भरली, आणि तेवढीच सहाव्या महिन्यात. साहेब श्वास भरून डोळे फिरेपर्यंत उभे राहत. हे टेप जरा सैल धरून मदत करू पाहत, पण मी वाचणारी असल्यामुळे ते जमत नसे.

"टेप ताणली गेली असेल, वहिनी," साहेब एकदा म्हणाले.

"टेप ताणली गेली असती तर छाती आणखी कमी भरली असती. तुमची आहे तेवढीच आहे. सोडा ती तालीम."

"छे, छे. मला तर चांगलीच अंगी लागली आहे." आणि खरंच, माणूस खुशीत होता. जेवण दुप्पट. जिना चढताना शीळ. आमच्या चाळीला जिना नाही, म्हणून ते समोरच्या इमारतीत कोणाकडे तरी काम काढून जात आणि शीळ घालत चढत. मला या खुशीचा उलगडा होत नव्हता. अंगावर मांस नाही, दंडात बळ नाही, रोज पहाटे गाढव म्हणवून घ्यायचं, आणि वर त्याची वर्गणी. याला मी तरी आतबट्ट्याचा व्यवहार म्हणते.

मग साहेबांच्या हातून एक चांगलं काम झालं आणि सगळं बिघडलं.

तालमीला पाण्याचा नळ नव्हता. विहीर उन्हाळ्यात आटे, आणि पोरं माती अंगावर तशीच घेऊन घरी जात. तालमीच्या मंडळाने पुष्कळ खटपट केली होती, पण अर्ज कुठे तरी जाऊन झोपत. साहेबांनी ते हातात घेतलं. कोणत्या कचेरीत कोणाच्या टेबलावर काय अडतं हे त्यांना जन्माचं ठाऊक. त्यांनी तो अर्ज रीतसर या टेबलावरून त्या टेबलावर असा चालवत नेला की जणू आंधळ्याला रस्ता ओलांडून देताहेत. एके दिवशी तालमीत नळ आला. नळाला हार घातला. आणि त्याच बैठकीत मंडळाच्या चिटणिसांनी जाहीर केलं की चांदेकरसाहेबांना आपण व्यायामशाळेचे उपाध्यक्ष करत आहोत. हनुमान जयंतीला शाल, नारळ आणि मारुतीसमोर मानाची खुर्ची.

चाळीने पेढे खाल्ले. इंदिराबाईंनी देवापुढे साखर ठेवली. एकदाचं ते गाढव-गाढव संपणार, म्हणून मलाही बरं वाटलं. साहेब मात्र ओट्यावर बसून छत्री उघडत होते आणि मिटत होते.

दुसऱ्या पहाटे आम्ही कान देऊन पडलो. गजर झाला. माणसं मातीत आपटली. मग वस्तादांचा आवाज आला, पण तो आवाजच नव्हता, कोणी तरी गूळ विरघळवावा तसं काही तरी होतं. "या, या साहेब. आपण कशाक तरास घेता? बसा. पोरांनो, साहेबांक वारो घाला रे."

आमचे हे अंथरुणात उठून बसले. "वस्ताद आजारी आहेत की काय?"

वस्ताद आजारी नव्हते. कचेरीतून नळ आणणारा माणूस म्हणजे साहेब, आणि उपाध्यक्ष म्हणजे तर साहेबांचा साहेब, एवढंच त्यांच्या मनाने घेतलं होतं. पुढे जे झालं ते आम्हाला तालमीतल्या पोरांकडून कळत गेलं. साहेब हट्टाने जोर काढायला उतरत. वस्ताद म्हणत, "छान." साहेबांनी मुद्दाम कंबर वाकडी केली. वस्ताद म्हणाले, "छान, साहेब, असोच चलांदे." साहेबांनी बैठक काढताना सरळ मातीवर बसकण मारली. वस्ताद म्हणाले, "वाईच इसरांती घ्या. आपल्या वयाक ह्या खूप झाला." एकदा तर साहेब जोर काढता काढता पालथे पडून राहिले, हातपायसुद्धा हलवेनात. वस्तादांनी पोरांना गप्प बसवलं. "शू. साहेब ध्यान करतंत."

माणूस आठवड्यात उतरला. जेवण निम्मं. शीळ बंद. पुढे पुढे तर डब्यात लंगोट कोराच जाई आणि कोराच परत येई. इंदिराबाईंना वाटलं, मानाचं पद आलं, दृष्ट लागली. त्यांनी मीठ-मोहऱ्या उतरवल्या.

हनुमान जयंती जवळ आली तसं मंडळाने माझ्याकडे एक काम दिलं. मानाच्या खुर्चीला गादी शिवायची. लाल मखमल, कडेला पिवळी झालर. मी मखमल बेतत होते तेव्हा साहेब आले. या वेळी पाठ करून उभे राहिले नाहीत. सरळ आत येऊन पाटावर बसले.

"वहिनी, ती गादी शिवू नका."

"का? घेतलेलं काम मी परत करत नाही."

"गादी झाली की मला बसावं लागेल. एकदा बसलो की संपलं."

"काय संपलं? उलट सुटलात. रोज शिव्या खायच्या, त्याची वर्गणी भरायची, आणि ओरडा सगळ्या चाळीने ऐकायचा. आता गादीवर बसा आणि सुंठवडा खा."

ते मखमलीच्या झालरीचा एक धागा ओढत राहिले. मी त्यांच्या हातातून झालर काढून घेतली.

"त्या दिवशी मी तक्रार करायला गेलो ना," ते म्हणाले, "तेव्हा अजून काळोख होता. मी शेडच्या दाराशी उभा राहिलो, मनात वाक्य जुळवत. 'सविनय निवेदन की' असं. तर आतून वस्ताद ओरडले, 'अरे ए सुकट्या, उबो काय रवलंस? कोट काढ आनी ये.' त्यांना वाटलं, कोणी नवा पोरगा आहे. नाव विचारलं. मी सांगितलं, गजानन विष्णू चांदेकर. ते म्हणाले, 'गज्या. चल, जोर काढ.' आणि वहिनी, मी कोट काढला."

"तो मला चुकीची बटणं लावलेला दिसला."

"माझी आक्का मला गज्या म्हणायची. थोरली बहीण. चिपळूणकडे असायची. वर्षातून एकदा मी जायचो. उंबऱ्यातच ओरडायची, 'गज्या, मेल्या, पाय धुऊन ये आधी.' तिच्यासमोर मी दहा दिवस गज्या असायचो. गेल्या आषाढात ती गेली. तिचे दिवस आटोपून परत आलो. घरात शिरलो तर ही म्हणाली, 'अहो, पाणी देऊ?' मुलगा म्हणाला, 'नाना, आपण दमलात.' कचेरीत गेलो तर साहेब, साहेब. सगळी चांगली माणसं आहेत, कोणाला नाव ठेवायला जागा नाही. पण वहिनी, तुम्हीच बघा. या जगात मला 'अरे' म्हणणारं माणूस आता कोण उरलं?"

मी मखमल बाजूला ठेवली. मग मी कामाचं बोलले.

"मग वस्तादांना सांगा ना सरळ. म्हणावं, मला अरे म्हणत चला."

"सांगून म्हटलेलं 'अरे' काय कामाचं, वहिनी? तो हुकूम झाला. हुकमाने लोक आणखी 'साहेब' होतात. ते आपसूक तोंडातून आलं पाहिजे. तरच अंगी लागतं."

ते गेल्यावर मी गादी पुरी केली. पण रात्री जेवताना ह्यांना सांगितलं, "उद्यापासून तुम्ही चांदेकरसाहेबांना अरे-तुरे करायचं."

ह्यांचा घास हातात राहिला. "मी?"

"तुम्ही. शेजारी आहात, जवळपास एका वयाचे आहात. मी बाई, मी म्हटलं तर चाळ पेटेल."

"अगं, पण इतकी वर्षं मी त्यांना अहो म्हणतोय."

"म्हणूनच. म्हणून दाखवा बघू. मी चांदेकरसाहेब आहे असं समजा."

ह्यांनी घसा साफ केला. माझ्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. "अरे गजानन," ते म्हणाले, आणि लगेच, "राव, बसा."

"पुन्हा."

"अरे गज्या." मग हे स्वतःच इतके घाबरले की उठून दार उघडून बाहेर कोणी ऐकलं का ते बघून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब ओट्यावर दिसले तेव्हा ह्यांनी छाती पुढे काढली आणि मोठ्याने म्हणाले, "अरे." साहेबांनी चमकून वर बघितलं. ह्यांचा धीर तिथेच संपला. "अरे वा," हे म्हणाले, "आज हवा छान आहे, नाही का साहेब?" आणि आत येऊन बसले. मी त्यांना चहासुद्धा दिला नाही.

हनुमान जयंतीच्या पहाटे सगळी चाळ तालमीत. बायकांना एरवी तिथे मज्जाव, पण त्या दिवशी प्रसादापुरती मुभा. आम्ही चिंचेखाली उभ्या होतो. आखाड्याची लाल माती चाळून, पाणी शिंपडून, बोटाची रेघ दिसेल इतकी मऊ केलेली. सगळ्यांच्या चपला बाहेर ओळीने. वस्तादांचे जोडेसुद्धा बाहेर. आखाड्यातली माती म्हणजे देवाचं अंग, तिच्यावर पायताण गेलं तर वस्ताद सख्ख्या बापाची गय करणार नाहीत, असं पोरं सांगत. मारुतीसमोर, मातीच्या पलीकडे ती खुर्ची, वर माझी मखमलीची गादी. चिटणीस शाल हातावर घेऊन उभे. सुंठवड्याचं ताट वाटण्यासाठी माझ्याकडे दिलेलं.

साहेब आले. कोट, टोपी, आणि पायात कचेरीचे नाडीचे काळे बूट. चपलांच्या ओळीपाशी ते खाली वाकले. मला वाटलं, नाड्या सोडताहेत. पण माझे शिवणाऱ्या बाईचे डोळे आहेत, गाठ सुटते आहे की बसते आहे हे मला लांबून कळतं. साहेब नाडीला दुसरी गाठ मारत होते.

मग ते सरळ उठले, डावी-उजवीकडे न बघता चालत गेले आणि बूट घातलेला पाय त्यांनी लाल मातीत रोवला. मग दुसरा. मग आखाड्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. मागे बुटांचे ठसे असे उमटले जसे काही कोणी देवघरात चिखलाने चाललं आहे.

मग वस्तादांचा भोंगा वाजला.

"अरे ए गज्या, मेल्या. बूट घालून मातयेत? डोळे फुटले तुझे? काढ ते, गाढवा, काढ आधी."

साहेब वाकले. पण गाठ दुहेरी, ती सुटेना. वस्ताद धावत आले, त्यांनी एका हाताने साहेबांचा कान धरला आणि दुसऱ्या हाताने बूट उपसून चिंचेकडे भिरकावले. एक माझ्या पायाशी पडला. "बैठका मार. मी बस म्हणीपर्यंत मार. मारुतीसमोर मार."

आणि चांदेकरसाहेब, व्यायामशाळेचे नवे उपाध्यक्ष, बंद गळ्याचा कोट आणि काळी टोपी घालून, अनवाणी पायांनी बैठका मारू लागले. चिटणिसांच्या हातातली शाल खाली घसरली. इंदिराबाई रडवेल्या होऊन पुढे निघाल्या. "ताई, साऱ्या गावासमोर ते ह्यांना..."

मी त्यांचा हात धरला. "गप्प उभ्या राहा. जरा त्यांच्या तोंडाकडे बघा."

तेवढ्यात चिटणीस वस्तादांच्या कानाशी काही तरी पुटपुटले. वस्तादांचा चेहरा एकदम उतरला. आपण नव्या उपाध्यक्षांचा कान धरला हे त्यांना तेव्हा समजलं असावं. त्यांनी हात जोडले. "साहेब, माका माफी..."

साहेब अर्ध्या बैठकीत होते. त्यांनी नुसती मान वर करून वस्तादांकडे बघितलं. ते काय बघणं होतं मला सांगता यायचं नाही. माझ्याकडे कोणी तसं बघितलं तर मी मागितलेली वस्तू मुकाट्याने काढून देईन, एवढं सांगते.

वस्तादांचे जोडलेले हात तसेच राहिले. मग त्यांनी ते सोडवून कमरेवर ठेवले.

"मान खाली घाल, गज्या," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, पण गुळाचाही नव्हता. "बैठक अर्धीच रवली तुझी."

"होय वस्ताद," साहेब म्हणाले आणि खाली गेले.

चिटणीस माझ्याकडे बघत होते, मी चिटणिसांकडे. पुढचा कार्यक्रम काय, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. माझा हात ताटाने अवघडला होता, आणि पोरं सुंठवड्यासाठी चुळबुळ करत होती. खुर्ची रिकामीच होती. मी आखाड्याच्या कडेने वळसा घालून गेले, ताट त्या मखमलीच्या गादीवर टेकवलं आणि वाटायला सुरुवात केली.